तापीची वाळू आणि कंदिलाची काच

गिरणेच्या पात्रातून वाळूचा ट्रॅक्टर भरून निघाला होता. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतल्या एका पोराने विचारले, "काका, काच वाळूची करतात ना? मग आपल्याकडे काचेचा कारखाना का नाही?" प्रश्न साधा होता, पण मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. खानदेशात तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर अशा नद्या. वाळूला तोटा नाही, उलट वाळूवरून भांडणेच जास्त. तरीही आमच्या आज्यांनी जी कंदिलाची काच रोज संध्याकाळी पुसली, ती तापीकाठची नव्हती. ती कृष्णेकाठून येत होती, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीहून. आणि तिचे मूळ त्याच्याही मागे, तळेगावच्या एका भट्टीत आहे.

आपल्या वाळूची काच का होत नाही?

काचेला लागते ती सिलिका. बहुतेक वाळूत ती थोडीफार असते, पण काचवाल्याला हवी असलेली वाळू जवळपास निव्वळ सिलिकेची, पांढरी, साखरेसारखी असते. खानदेशचा कातळ काळा. सह्याद्री, सातमाळा, अजिंठ्याचे डोंगर आणि आपल्या बाजूचा बराचसा सातपुडा लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी असते आणि लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांच्या वर. तो झिजून जी वाळू नदीत येते ती बांधकामाला उत्तम. भट्टीत टाकली तर मात्र काळपट हिरवा गोळा हाती येईल. स्वच्छ काचेच्या वाळूत लोह टक्क्याच्या दहाव्या हिश्शाइतके असले तरी काचवाला नाक मुरडतो. बाटलीचा तळ किंवा खिडकीच्या काचेची कड हिरवी दिसते ती त्याच लोहाने.

हा हिरवेपणा घालवायला जुने कारागीर मिश्रणात चिमूटभर मँगेनीज घालत. युरोपातल्या काचवाल्यांनी त्याला काचेचा साबणच म्हटले आहे. पण चिमूटभर साबणाने कोळशाची गोणी पांढरी होत नाही, तशी आपली वाळू मँगेनीजने सुधारत नाही.

गंमत अशी की याच काळ्या कातळाच्या पोटात गारगोट्या सापडतात, आणि गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. लहानपणी अंधारात दोन गारा एकमेकींवर घासून ठिणग्या कोणी पाडल्या नाहीत? पण गारगोट्या वेचून भट्टी चालत नाही. देशातल्या जुन्या काचकारखान्यांचा मोठा भार अलाहाबादजवळच्या शंकरगढ-बरगढ भागातल्या पांढऱ्या वाळूवर होता. महाराष्ट्रात चांगली सिलिका वाळू मिळते ती सिंधुदुर्गात, कासार्डे-फोंडाघाटाच्या बाजूला.

लोणारचा खार

नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते. लाकूड-कोळशाच्या जुन्या भट्टीला ते झेपणारे नव्हते. वाळूत सोडा मिसळला की काम चौदाशे-पंधराशे अंशांवर येते. पण वाळू आणि सोडा एवढेच घेतले तर जी काच होते ती पाण्यात विरघळते, म्हणून तिसरा घटक चुना. वाळू, सोडा, चुना ही काचेची तीन अंगे. शिवाय फुटक्या काचेचा चुरा. तो लवकर वितळतो आणि बाकीच्यांना सोबत ओढून घेतो. भंगारवाला फुटकी बाटली का उचलतो ते यावरून कळेल.

आता हा सोडा आपल्या शेजारीच होता. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्केच्या आघाताने झाले आणि त्याचे पाणी खारे, क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उघडे पडत. लोक ते गोळा करीत आणि प्रतीप्रमाणे त्यांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे देत. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारे सारे पदार्थ मिळतात, असे नोंदवले आहे. म्हणजे सोळाव्या शतकात आपल्या दारात काचेचे अर्धे सामान होते आणि मोगल दरबाराला ते माहीत होते.

महाराष्ट्रात काच होत नव्हती असेही नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात बहमनी काळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या सापडल्या. त्या उत्खननाचा अहवाल ह. धी. सांकलियांबरोबर लिहिणारे मोरेश्वर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहून काढला. मात्र ही सारी काच मण्यांची आणि बांगड्यांची, लहान भट्टीत होणारी. दिव्यावर ठेवायची पातळ, सरळ, उभी काच हे वेगळे प्रकरण होते. ती एकोणिसाव्या शतकात घासलेटच्या पाठोपाठ परदेशातून आली.

एक पैसा

१९०५ च्या आसपास स्वदेशीचा जोर चढला तेव्हा बाजारातली दिव्याची काच, आरसा, बाटली, अगदी सवाष्णीच्या हातातली बांगडीसुद्धा ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम किंवा जपानची असे. बोहेमियातल्या बांगड्या आपल्या मंगळागौरीत वाजत होत्या!

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या डोक्यात त्याच्याही आधीपासून एक कल्पना घोळत होती. देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या पैशातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. ही योजना त्यांनी केसरीकारांपुढे मांडली. टिळकांनी ती उचलून धरली आणि पैसा फंड उभा राहिला. जत्रा, उत्सव, लग्नसमारंभ जिथे माणसे जमतील तिथे स्वयंसेवक डबे घेऊन जात.

या पैशाचा हिशेब एकदा घालून पाहण्यासारखा आहे. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. एक लाख माणसांनी पैसा टाकला तर जमतात १५६२ रुपये आठ आणे. लाख माणसांपर्यंत डबा न्यायचा, त्यांना समजावून सांगायचे आणि हाती एवढीच रक्कम. मला यात काळ्यांची जिद्द दिसते तशी त्या योजनेची दुखरी बाजूही दिसते. पैसा गोळा करायलाच माणसे झिजत असणार. पण टिळकांसारख्या माणसाला त्या पैशाइतकाच तो देणारा माणूस हवा होता. ज्याने एक पैसा टाकला तो दुकानात गेल्यावर काच कुठली आहे ते विचारणार.

तळेगावची भट्टी

फंडाने पहिला मोठा उद्योग निवडला तो काचेचा. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडण्यात आले. ते सुटून आले जून १९१४ मध्ये. म्हणजे भट्टीची सुरुवातीची, सगळ्यात कठीण वर्षे तिचा मोठा पाठीराखा तुरुंगात होता. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय त्याच तळेगावात होते. सरकारने ते १९१० साली बंद पाडले. अशा गावात स्वदेशीची भट्टी पेटती ठेवणे म्हणजे काय, याचा अंदाज येईल.

कारखाना उभारायला तज्ज्ञ मिळाले ते ईश्वरदास वार्ष्णेय. संयुक्त प्रांतातला हा तरुण जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकून आला होता. मराठी लोकांच्या एकेका पैशावर उभी राहिलेली भट्टी उत्तर हिंदुस्थानातल्या माणसाने चालवली, हे मला त्या चळवळीतले सगळ्यात सुंदर काम वाटते. वार्ष्णेयांनी पुढे आपल्या प्रांतात बहजोई येथे काचेचा कारखाना काढला.

तळेगावची खरी पैदास मात्र काचेची नव्हती, माणसांची होती. तिथे पोरांना काम शिकवले जाई. शिकून तयार झालेले कारागीर देशभरच्या काचकारखान्यांत गेले. नफा-तोट्याच्या वहीत हे कुठे मांडायचे? आज आपण कौशल्य विकास म्हणून पाट्या लावतो, ते काम तळेगावच्या धुरात शंभर वर्षांपूर्वी चालले होते.

श्वासाने काच होते

त्या काळची चिमणी, म्हणजे दिव्याची काच, तोंडाने फुंकून होत असे. भट्टीत मातीच्या मोठ्या मुशी. त्यांत रस उकळत असतो, मधासारखा घट्ट आणि डोळ्यांना न पाहवणारा. कारागीर लोखंडी फुंकनळीचे टोक रसात बुडवतो आणि सारखे फिरवत गोळा उचलतो. फिरवणे थांबले की गोळा एका बाजूला लोंबतो आणि माल वाया जातो. मग नळी तोंडाला लावून पहिली फुंक. गोळ्यात बुडबुडा धरला की तो साच्यात सोडायचा आणि पुन्हा फुंकायचे. साच्याच्या भिंतींना लागून रस आकार घेतो. फुंक कमी पडली तर काच जाड, जास्त झाली तर एका जागी इतकी पातळ की घरी पोहोचण्याआधी फुटणार. हे प्रमाण पुस्तकातून येत नाही, छातीतून येते.

आकार आला म्हणजे काच झाली असे नाही. ती तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून आधी थंड होते, आतून उशिरा, आणि त्या ओढाताणीत आपोआप तडकते. म्हणून सुमारे साडेपाचशे अंशांपासून तिला हळूहळू निववावे लागते. स्वस्त काच पुष्कळदा इथेच मार खाई, कारण निववायला वेळ लागतो आणि वेळेला कोळसा लागतो.

आणि भट्टी विझवता येत नाही. रात्र असो, दिवाळी असो, मालाला उठाव नसो, ती पेटतीच ठेवायची. एकदा थंड केली की मुशी तडकतात आणि पुन्हा तापवायला दिवसच्या दिवस जातात. कापडाची गिरणी संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करता येते. काचेच्या कारखान्याला ती सोय नाही. काच-उद्योग बुडण्याच्या बहुतेक कहाण्यांत हा कोळशाचा मुद्दा कुठेतरी सापडतोच.

कृष्णेकाठची वाडी

पहिले महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रिया-जर्मनीची काच येणे बंद झाले. १९१६ साली ओगले बंधूंनी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. श्रीपाद, गुरुनाथ, आत्माराम ही भावंडांची नावे, वडिलांचे नाव प्रभाकर. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उद्योगांना हात देणारे संस्थानिक. किर्लोस्करवाडी १९१० साली त्यांच्याच आश्रयाने वसली होती. ओगल्यांनाही त्यांचा आधार मिळाला आणि कारखान्याभोवती वसलेल्या गावाचे नाव ओगलेवाडी पडले.

जागा पाहण्यासारखी आहे. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगम. कऱ्हाड शहर नदीच्या अलीकडे आणि रेल्वे स्टेशन पलीकडे, ओगलेवाडीत. कृष्णेची वाळूही आपल्यासारखीच काळ्या कातळाची. तेव्हा काचेचा कारखाना नदीकाठी आहे म्हणून वाळू नदीची, हा समज इथे सोडून द्यावा. कोळसा, सोडा, वाळू आत आणायची आणि काच बाहेर धाडायची तर रूळ हवेत. ओगलेवाडीला नदी मिळाली, पण ती जगली स्टेशनावर.

नुसती काच विकून भागत नव्हते. काच परदेशी कंदिलावर बसायची आणि कंदील अमेरिकेचा डीट्झ किंवा जर्मन बनावटीचा. ओगल्यांनी मग सबंध कंदीलच करायला घेतला. पत्र्याची टाकी, बर्नर, वात वरखाली करायची कळ, दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्या, तारेची जाळी, वरची टोपी आणि मधोमध स्वतःच्या भट्टीतली काच. त्याला नाव दिले प्रभाकर. वडिलांचे नाव आणि सूर्याचेही! जाहिरातीवर हजारो खर्च करूनही असे नाव सुचत नाही. 'प्रभाकर कंदील' हे पुढे मराठी घरात फडताळ-फळीइतके ओळखीचे झाले.

सरकारचा हात मात्र आखडताच राहिला. काच-उद्योगाने संरक्षणासाठी टॅरिफ बोर्डापुढे दाद मागितली, बोर्डाने १९३२ साली अहवाल दिला, आणि सरकारने १९३५ मध्ये पूर्ण संरक्षण नाकारले. मुख्य कारण दिले ते असे की सोडा अॅश देशात होत नाही, बाहेरून आणावी लागते. लोणारचा खार आठवावा! तो उद्योगाला पुरणारा नव्हता हे खरे. पण सोड्यासाठी अडलेल्या देशात खाऱ्या पाण्याचे तळे अकबराच्या काळापासून कागदावर होते, ही चुटपूट लागतेच. पुढे मिठापूरला टाटांनी १९३९ साली कारखाना काढला आणि देशी सोड्याचा मार्ग मोकळा होऊ लागला.

बोरीकाठी काय चालले होते?

खानदेश तेव्हा झोपला नव्हता. तळेगावची भट्टी पेटली त्याच सुमारास अमळनेरला बोरी नदीच्या गावात प्रताप शेठजींची कापड गिरणी उभी राहिली. आमच्याकडे कापूस पिकतो, तेव्हा आमची स्वदेशी सुताची असणे साहजिक होते. शेठजींनी १९१६ मध्ये, म्हणजे ओगलेवाडीच्याच वर्षी, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले. एकाच साली कृष्णेकाठी काच आणि बोरीकाठी वेदान्त.

पैसा फंडाशी खरे नाते सांगायचे तर ते अमळनेरच्या दुसऱ्या कारखान्याचे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांची वनस्पती तुपाची कंपनी तिथे स्थापन झाली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण हा तिचा माल. हीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेकांनी तिचे शंभर रुपयांचे शेअर घेतले आणि सांभाळले. त्यांच्या पुढच्या पिढ्या त्यावर सुखात राहिल्या. लोकांच्या लहान पैशातून मोठा उद्योग, ही काळ्यांची कल्पना आपल्याकडे अशी फळली, फरक इतकाच की तिथे पैसा दान होता आणि इथे भांडवल. अबुल फजलने सांगितलेल्या काच आणि साबण या जोडीतला साबण तेवढा खानदेशाच्या वाट्याला आला.

संध्याकाळची काच

दिवेलागणीच्या आधी काच पुसणे हे पोरांचे काम. कारण साधे, पोराचा हात काचेत जातो, मोठ्यांचा अडकतो. काजळी धरलेली काच बर्नरवरून हलकेच काढायची, आत तोंडाची वाफ सोडायची, चुलीतली चाळलेली राख चिंधीवर घ्यायची आणि बोटे फिरवायची. कडेला टवका उडालेला असला तर बोट कापे. पुसून झाले की उजेडाकडे धरून बघायचे. मग वात कात्रीने सरळ कापायची. वाकडी राहिली तर एका बाजूने जीभ निघते आणि काच पुन्हा काळी.

पावसाचा एक थेंब पेटत्या कंदिलावर पडला की टच् असा आवाज येई आणि काचेवर उभी रेघ. तापलेल्या काचेचा तेवढाच ठिपका आखडतो, बाजूची काच आखडत नाही, आणि काच ताण सहन न करता चिरते. जर्मनीत ऑटो शॉटने एकोणिसाव्या शतकातच बोरॉन घालून अशी काच केली होती जी या धक्क्याला पुरून उरे. आपल्या बाजारातली साधी काच मात्र तडके. म्हणून बायका नवी काच आणली की मिठाच्या पाण्यात घालून उकळत आणि त्याच पाण्यात थंड होऊ देत. त्याने काच पक्की होते म्हणत. शंभर अंशांवर काच पक्की होत नाही, त्याला पाचशेच्या वर जावे लागते. पण मला वाटते बायकांचे चुकत नव्हते. कारखान्यात नीट न निवलेली काच त्या पातेल्यातच फुटे. ती परीक्षा होती. पास झालेली काच पावसाळा काढे.

हा कंदील घेऊन माणसे रात्रीचे बारे द्यायला मळ्यात जात, केळीच्या बागेत पाणी फिरवत, पोळ्याच्या आदल्या रात्री गोठ्यात बसत. जिनिंगच्या आवारात उघडा दिवा चालत नाही, काचेआडचा चाले. वीज आली तशी गावागावांतून कंदील माळ्यावर चढला आणि भारनियमनात पुन्हा खाली उतरला. मग बॅटऱ्या आणि एलईडी आले आणि तो कायमचा वर गेला. ओगलेवाडीची भट्टी थंड झाली. कऱ्हाडच्या स्टेशनावर उतरलात तर आजही तुम्ही ओगलेवाडीतच उतरता.

तुमच्या माळ्यावर जुना कंदील असेल तर भंगारात घालण्याआधी टाकीवरची धूळ पुसून नाव वाचा. प्रभाकर असेल तर ठेवून द्या. आणि पेटवून बघायचा मोह झालाच तर काच गरम असताना ओले फडके लावू नका. त्या मापाची दुसरी काच आता दुकानात सहज मिळत नाही.